बारा दगडांची घडी

आमच्या गावच्या फाट्यावर, जिथे आदिलाबादची बस थांबते, तिथे दौलत मिस्त्रींची अर्ध्या एकराची पट्टी आहे. वांगी, टमाटे, थोडी मेथी. पट्टीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात एक तिरपी भिंत उभी आहे. तिचे दक्षिणेचे टोक जमिनीला टेकलेले आणि उत्तरेचे माझ्या डोक्यावरून वीतभर उंच. भिंतीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पाखराच्या पंखांसारख्या दोन वाकड्या पट्ट्या बाहेर निघाल्या आहेत. परगावचा माणूस बसची वाट पाहता पाहता विचारतो, "पाण्याची टाकी बांधायची अर्धी राहिली का?" त्यावर गावातले कोणीतरी सांगते, "दौलतची घडी हाये." भिंतीची सावली त्या वाकड्या पट्ट्यांवर पडते, पट्ट्यांवर तासांच्या रेघा आहेत, सावलीची कड ज्या रेघेवर असेल तितके वाजले असे समजायचे.

माझे घर रस्त्याच्या अलीकडे, घडीच्या अगदी समोर. माझे यजमान सुधाकरराव इथल्या मराठी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांना जाऊन साडेचार वर्षे झाली. मी रोजची वही लिहिते. पाऊस, पाहुणे, कोणाचे बारसे, गॅसची टाकी कधी लावली, एवढेच. २०१२ पासून त्यात आणखी एक ओळ येत गेली: घडी किती मागे. ही ओळ सुधाकररावांमुळे आली. निवृत्त झाल्यावरही ते रोज शाळेत एक फेरी मारत. दुपारी जेवायला येताना घडीसमोर थांबत, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहत आणि पाटावर बसता बसता आकडा सांगत. मी तो लिहून ठेवत असे. ते गेल्यावर मी स्वतः रस्ता ओलांडून पाहू लागले. त्या आकड्यांचे पुढे काही करायचे आहे असे तेव्हा मनात नव्हते.

दौलत मिस्त्रींचे वय आता सदुसष्ट. त्यांचे वडील पाथरवट होते. जाती, पाटे, उंबरे घडवायचे. दौलतही तेच शिकले, आणि पुढे जाती-पाट्यांना कोणी विचारीना म्हणून गवंडीकामही करू लागले. १९८० साली उज्जैनला सिंहस्थ होता. त्याच्या आदल्या वर्षी घाटांच्या पायऱ्या नीट करायला एका ठेकेदाराने आमच्या भागातून दहा-बारा पाथरवट नेले. दौलत तेव्हा एकवीस वर्षांचे. गवंडी अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत. अशाच एका अमावास्येच्या सुट्टीला ते नदीच्या काठाने फिरत निघाले आणि तिथल्या जुन्या वेधशाळेपाशी पोचले. ही हकीकत त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती त्यांच्याच शब्दांत सांगते.

"बाई, पाह्यतो तं काय, एक जिना! वर माडी नाई, घर नाई, काईच नाई. नुसता जिना आभाळात चढून राह्यला. मले वाटलं, घर पडलं असल अन् जिना उरला. तं चौकीदार म्हने, ये घडी है. राजानं बांधली. म्या म्हटलं, काटे कुठं हायेत? तं म्हने, तू जिस में बैठा है ना, वोच कांटा है. म्या सावलीत बसलो होतो!"

त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. सावली सरकली की तेही सरकत. चौकीदाराने त्यांना सांगितले की जिन्याची चढण थेट ध्रुवाकडे रोखलेली असते आणि म्हणून सावली खोटे बोलत नाही. शेवटी तो म्हणाला, "अब जा भाई, सूरज भी घर गया."

घाटाचे काम संपले, गडी परत आले. पण दौलत मिस्त्रींचे अर्धे मन तिथेच राहिले. मी या गावात सून म्हणून आले तेव्हापासून ऐकत आले आहे: यंदा उज्जैनला जाईन, पिकं निघाली की जाईन, पोराचं लग्न झालं की जाईन. सुधाकररावांनी एकदा त्यांना पुस्तकात जयपूरच्या वेधशाळेचा फोटो दाखवला. म्हणाले, "दौलत, ही बघ, उज्जैनच्या कितीतरी मोठी. नव्वद फूट उंच."

"असल, सर. पन मी तिच्या सावलीत बसलो नाई ना."

जाणे झाले नाही. बायकोचे आजारपण झाले, ती गेली. मग २०१२च्या उन्हाळ्यात त्यांनी पट्टीतल्या पडक्या विहिरीचा काळा दगड काढायला सुरुवात केली. गावाला वाटले, विहीर बुजवतात. ते घडी बांधत होते.

मी त्यांना पाच महिने ते काम करताना समोरून पाहिले. भिंत ध्रुवाकडे रोखायची म्हणून सुतळी ताणून कोन घेतला, तेव्हा तो उज्जैनपेक्षा चपटा आला. त्यांना नवल वाटले नाही. "ध्रुव आपल्याकडं खाली हाये," ते म्हणाले, "मंग जिनाबी खालीच पायजे." भिंत सहा फूट उंच, सतरा फूट लांब. पंखांसाठी त्यांनी बारा दगड घडवले, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. प्रत्येक दगड आतून किंचित खोलगट, शेजारच्या दगडाला असा बसलेला की सांध्यात नख जाऊ नये. एक दगड म्हणजे एक तास. सात ते आठचा दगड, आठ ते नऊचा दगड, असे ते त्यांना नावाने ओळखत. छिन्नीने मिनिटांच्या बारीक रेघा ओढल्या. दगडाची भुकटी इतकी उडे की त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसत.

माझ्या वहीत आहे: "बुधवार, २४ ऑक्टोबर २०१२. दसरा. फाट्यावर नारळ फोडला. सुधाकररावांच्या घड्याळात बारा वाजले आणि सावली दोन्ही पंखांवरून नाहीशी झाली. घडी बरोबर. दौलत मिस्त्री रडले."

दिवाळीपर्यंत घडी बरोबर चालली. आदिलाबादच्या बसची वेळ लोक त्या सावलीवरून पाहू लागले. मग ती हळूहळू मागे पडू लागली. नाताळात पंधरा मिनिटे. लोकांच्या लक्षात आले नाही, कारण बसही काही वेळेवर येत नसे. फेब्रुवारीत तुळजाबाईची गाडी चुकली.

तुळजाबाई आमच्या शेजारच्या आळीत राहते. भाजीची टोपली घेऊन आदिलाबादला जाते. त्या दिवशी बाराची बस होती. घडीत बाराला दहा कमी होते, म्हणून ती नळावर पाणी प्यायला गेली. बस वीस मिनिटांपूर्वीच गेलेली होती. उलट दिशेने आलेल्या बसच्या कंडक्टरला विचारले तर तो म्हणाला, "पन्नेंडु अयिपोयिंदम्मा! बारा कधीच वाजले!"

तुळजाबाई टोपली डोक्यावर तशीच घेऊन दौलत मिस्त्रींच्या दारात गेली. तिचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

"दौलत! तुह्या दगडानं माही गाडी घालवली! आता हे मेथी तूच खाय, सकाळ-संध्याकाळ!"

"तुळजे, तुले उशीर झाला असल."

"मले उशीर? तुह्या घडीले इचार कोनाले उशीर झाला ते! या घडीवर लग्न लावलं तं मांडवात नवरी म्हातारी होईन!"

त्या दिवशीचा वहीतला आकडा: एकोणतीस मिनिटे मागे.

मिस्त्रींनी त्याच दुपारी ओळंबा लावून पाहिला. पाण्याच्या नळीने पातळी पाहिली, गुण्या लावून काटकोन पाहिला. कुठेही केसभर फरक नव्हता. दुसऱ्या कोणी यावरून भिंत बरोबर आहे असे म्हटले असते. पण आमच्याकडचा गवंडी तसे म्हणत नाही. आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशी फाटते. गावात भेग नसलेली भिंत नाही. इथे गवंडीकाम शिकणाऱ्याला पहिला धडा हाच मिळतो की कामात काही बिघडले तर आधी मातीला विचारावे.

"ओळंब्याचं काय," मिस्त्री सुधाकररावांना म्हणाले, "मी त्याच मातीवर उभा राहून ओळंबा धरतो ना, सर. माती हलली तं मीबी हलतो. दगडाचं वजन झालं. पाया दबला."

मार्च संपत आला तसा फरक कमी होऊ लागला. यावर ते आणखी खात्रीने म्हणाले, "पाह्यलं? ऊन लागलं, भेगा पडल्या, पाया माघारी येऊन राह्यला. माती खेळवते घडीले." माझ्या वहीत शनिवार, ३० मार्च २०१३ खाली लिहिले आहे: "वीस मिनिटे. कमी होत आहे." "कमी होत आहे" याखाली रेघ ओढली आहे. ती मी का ओढली ते आठवत नाही. सोमवारी, एक एप्रिलला, त्यांनी घडी उतरवली. पहार लावून एक एक दगड सुटा केला. मी खिडकी लावून घेतली.

जड दगड पाया दाबतो, म्हणून नवी घडी विटांची करायची असे त्यांनी ठरवले. काळे दगड ज्याला हवे त्याला नेऊ दिले. माणूसभर खोल खणून खाली मुरूम भरला आणि वर विटा-सिमेंटची भिंत उभी केली. २०१४च्या दिवाळीत ती बरोबर चालली आणि फेब्रुवारीत एकोणतीस मिनिटे मागे पडली. तीही त्यांनी पाडली. २०१८मध्ये तिसरी बांधली, खाली लोखंडी जाळीवर काँक्रीटचा सलग थर घालून. तिनेही तेच केले. मग मात्र त्यांनी तिच्याकडे पाहणे सोडले. पट्टीत वाफे करताना तिच्याकडे पाठ करून बसत. लोकांच्या चेष्टेची धार गेली आणि तिची सवय झाली. कोणी उशिरा आला की म्हणत, दौलतच्या घडीनं निघाला व्हय?

या फेब्रुवारीत, अकरा तारखेला, त्यांची सून प्रणिता माझ्याकडे आली. ती पोळ्या टाकून तशीच आली होती, हाताला पीठ होते.

"काकू, मामाजी घडी पाडून राह्यले."

"आता? त्यांना तर खोकला..."

"तेच तं. आदिलाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, छातीत दगडाची धूळ बसली, आता धुळीत जाऊ नका, वजन उचलू नका. अन् हे म्हनतात, होळी झाली का पाडतो अन् चौथी बांधतो. मी म्हटलं, काऊन? तं म्हनतात, चुकीची घडी मागं ठेवून मी मरनार नाई. तुमी सांगा त्यायले. तुमचं ऐकतात."

मी काय सांगणार होते? ती गेल्यावर मी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. खरे सांगायचे तर मी त्या मिस्त्रींसाठी काढल्या नव्हत्या. सुधाकरराव घडीविषयी काय काय बोलले असतील ते वाचावे, म्हणून काढल्या. मी रोज लिहिते, पण मागचे वाचत नाही. वाचले की हात थांबतो. त्या दुपारी प्रथमच अकरा फेब्रुवारीची पाने शेजारी शेजारी ठेवली. २०१३: एकोणतीस. २०१५: एकोणतीस. २०१९: एकोणतीस. त्या दिवशीचा माझा स्वतःचा आकडा: एकोणतीस. मग दिवाळीची पाने पाहिली. दर वर्षी बरोबर, किंवा मिनिटभर इकडे तिकडे. नाताळ, दर वर्षी पंधरा. तीन वेगळ्या घड्या, तीन वेगळे पाये, एक दगडाची आणि दोन विटांच्या, आणि आकडे तेच.

वह्या पिशवीत घालून मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी पाने वाचून दाखवली आणि म्हटले, "मिस्त्री, पाया हलत असता तर तीन वेळा तीन तऱ्हांनी हलला असता."

त्यांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाई, तुमची वही खरी. पन माती दरसाल एकाच वक्ती फुगते अन् एकाच वक्ती सुकते. मंग घडीबी दरसाल तेवढीच हलनार ना?"

शाळेत भूगोलात शिकले होते की देशभराची घड्याळे मिर्झापूरजवळच्या एका रेषेवर लावलेली आहेत आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत, म्हणून आपल्याकडे सूर्य पाव तास उशिरा डोक्यावर येतो. तेही सांगून पाहिले.

"मिरझापूरची वेळ आपल्या गावात काऊन?" प्रणिता म्हणाली.

"ते राहू दे," मिस्त्री म्हणाले. "पाव तास मिरझापूरचा म्हना. मंग दिवाळीले तो पाव तास कुठं जाते? अन् आता दुप्पट काऊन होते?" खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर ते हळूच म्हणाले, "याचं उत्तर एकाच जागी भेटल. उज्जैनले. ते घडी आपल्या मातीवर नाई. ते कायम बरोबर असल, तं मी चुकलो. ते बी मागं पडत असल..."

"तुम्ही तिथे बसलात तेव्हा घड्याळाशी ताडून पाहिले नाही?"

"तवा माह्याजवळ घडी कुठं होती, बाई! छिन्नी होती."

शिवरात्रीच्या आधी आमच्या गावच्या पाच बायका उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला निघाल्या होत्या. प्रणिताचे जाणे त्यांच्याबरोबर ठरले. मिस्त्री म्हणाले, मीही येतो. त्यांना कोणी नाही म्हटले नाही. बायका निघायच्या दिवशी ते धुतलेले धोतर आणि टोपी घालून, हातात पिशवी घेऊन फाट्याकडे निघाले. घर ते फाटा दोनशे पावले. त्यात ते दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले ते पुलाच्या कठड्यावर, आणि बराच वेळ उठले नाहीत. बस आली. त्यांनी पिशवी उघडून आतून एक लहान, गुळगुळीत झालेली छिन्नी काढली आणि प्रणिताच्या हातात दिली.

"हे काय करू, मामाजी?"

"काई नको करू. तिथं जिन्याले लाव फक्त. लावून परत आन. उज्जैनची हाये."

बस गेल्यावर त्यांना घरी आणायला मला आणि तुळजाबाईला मिळून अर्धा तास लागला. "पाय तं चालत नाई, अन् चालला उज्जैनले," तुळजाबाई सारखी बडबडत होती आणि त्यांची पिशवी तिने आपल्या खांद्यावर घेतली होती.

शनिवार, २२ फेब्रुवारी. ठरल्याप्रमाणे दुपारी बाराला प्रणिताचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर येणार होता. मिस्त्री साडेअकरापासून घडीपाशी येऊन बसले. तुळजाबाईही टोपली खाली ठेवून थांबली. तिची बाराची बस होती, पण म्हणाली, एकदा गाडी घालवलीच हाये या घडीपायी, आनखी एकदा जाऊ दे.

बाराला फोन वाजला. आधी नुसते आकाश दिसले, मग प्रणिताचा कान, मग एक पांढरी भिंत. प्रणिताने फोन फिरवला आणि तो जिना दिसला. खरोखरच आभाळात चढत जाणारा. मिस्त्रींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"मामाजी, दिसते का?"

"वर दाखव. अजून वर. हां... तिथं चौकीदार बसे." त्यांचा आवाज तरुण झाला होता. "सावलीवर जाय. वाच."

"थांबा. इथले भाऊ वाचून देतात." एक पुरुषाचा आवाज आला. प्रणिता म्हणाली, "अकरा वीस म्हनतात. अन् मोबाईलमधी बारा वाजले."

आमच्या घडीत तेव्हा अकरा एकतीस होते.

"बरोबर वाच म्हना," मिस्त्री म्हणाले. "पुन्हा वाच."

"अकरा वीसच, मामाजी! चाळीस मिनिटं मागं!"

तुळजाबाई कपाळावर हात मारून हसायला लागली. "बाप्पा! राजाची घडी तं आपल्या दौलतपेक्षा आळशी!"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी फोन तोंडाजवळ नेला आणि मोठ्याने विचारले, "भाऊ, उसका पाया हिला क्या? नीचे मट्टी काली है क्या?"

तिकडचा माणूस हसला. "पाया? बाबूजी, तीन सौ साल होने आए, बाल बराबर नहीं हिला. इसमें मिनट जोड़ने पड़ते हैं. हर महीने के अलग. सूरज कभी तेज चलता है, कभी धीमा, और हाथ की घड़ी रोज एक चाल. दोनों का हिसाब कैसे मिलेगा? नवंबर में आओ तो सबसे कम जोड़ना पड़ता है, फरवरी में सबसे ज्यादा. हमारे लिए ये नई बात थोड़ी है!"

"नवंबर मे कम," मिस्त्री म्हणाले.

"जी."

"फरवरी मे जास्ती."

"जी, बाबूजी. आपने भी बनाई है, बहू बता रही थी. सही बनाई होगी."

प्रणिताने छिन्नी जिन्याच्या कडेला टेकवून दाखवली. मिस्त्रींनी ती पाहिली की नाही मला सांगता येत नाही. त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि ते भिंतीच्या जमिनीला टेकलेल्या टोकावर बसले. मला वाटले, आता त्यांना आनंद होईल. घडी चुकलेली नव्हती. पाडायचे कारण उरले नव्हते. तुळजाबाई तर लगेच म्हणाली, "चाल, जिंकला बावा तू. आता पाडू नको, मेथीले सावली होते."

मिस्त्रींनी भिंतीच्या विटेवर हात टेकला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, मंग पयली?"

"पहिलीही बरोबरच होती, मिस्त्री."

"दगडाची."

"हो."

"अजून सहा महिने थांबलो असतो, तं दसऱ्याले आपोआप बरोबर दिसली असती."

"कमी होत आहे" असे माझ्या हाताने लिहून मी त्याखाली रेघ ओढली होती आणि दोन दिवसांनी खिडकी लावून घेतली होती.

चौथी घडी बांधायचा विषय संपला. प्रणिता परत आली, छिन्नी दिली, तिथल्या माणसाने लिहून दिलेला महिनेवार तक्ता दिला. आमच्या गावाचा तक्ता मी माझ्या वह्यांवरून केला आणि प्रणिताच्या मुलीने तो ऑइलपेंटने भिंतीवर लिहिला. आता बसची वाट पाहणारे लोक सावली पाहतात, तक्ता पाहतात आणि तरीही शेवटी मोबाईल पाहतात. मिस्त्रींनी तक्त्यात रस घेतला नाही.

होळीनंतर ते काठी घेऊन गावात हिंडू लागले. थोडे चालायचे, थोडे बसायचे. ते आपले दगड शोधत होते. बारापैकी नऊ सापडले. सात ते आठचा दगड मारुतीच्या पारापाशी पायरी झाला आहे. दोन ते तीनचा एका गोठ्यात दावणीखाली आहे. चार ते पाचचा एका घराचा उंबरा झाला आहे. त्या घरच्या सुनेने तो त्यांच्यासमोर हळदकुंकू लावून पुजला तेव्हा त्यांनी चप्पल काढली. अकरा ते बाराचा तुळजाबाईच्या मोरीत आहे. बारा वर्षे त्यावर कपडे आपटून मिनिटांच्या रेघा बहुतेक झिजल्या आहेत. आतल्या खोलगट बाजूला साबणाचे पाणी साचते. मी त्या दिवशी तिथेच होते.

"नेतो का?" तुळजाबाईने विचारले. तिने हातातले धुणे खाली ठेवले. "ने. मी दुसरा टाकीन. सगळेच देतील, इचारून तं पाह्य. पोरं ट्रॅक्टरवर आनून देतील."

मिस्त्रींनी दगडावरून हात फिरवला. एक रेघ बोटाला लागली असावी, कारण ते तिथे थांबले. "नको. कोनाच्या दारात, कोनाच्या मोरीत, लागले आता ते. अन् मले जुडवता येनार नाई." मग म्हणाले, "बसू का इथं जराक?"

"बस ना. पन पाय वर घे, पानी येते."

उन्हाळा चढल्यावर त्यांचे गावात फिरणेही बंद झाले. आता ते दुपारी चार वाजता माझ्या ओसरीवरच्या खाटेवर येऊन बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले होते, "बाई, त्या सालची वही हाये ना तुमच्याजवळ? दगडाच्या घडीची?" ती वही आता कपाटात ठेवतच नाही, बाहेरच्या टेबलावर असते. मी वाचते, ते डोळे मिटून ऐकतात.

"गुरुवार, १ नोव्हेंबर २०१२. घडी एक मिनिट पुढे. सुधाकरराव म्हणाले, माझेच घड्याळ मागे असेल. रात्री ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत. वांगी दौलत मिस्त्रींनी दिलेली."

"सर असंच म्हनायचे," ते म्हणतात.

दसऱ्यापासून एकतीस मार्चपर्यंत एकशे एकोणसाठ दिवस आहेत. रोज दहा-बारा दिवसांची पाने होतात. काही पानांवर घडीची एवढीच एक ओळ आहे. काही पानांवर सुधाकररावांचा सर्दीचा ताप, शाळेतला झेंडा, तुळजाबाईची मेथी. फेब्रुवारी आला की ते खाटेवर नीट बसतात आणि एकोणतीस म्हटले की मान हलवतात, जणू पुन्हा एकदा नाडी बरोबर लागली. आणि मार्च उतरू लागतो. सव्वीस. चोवीस. बावीस. वीस.

परवा मी वीस वाचून थांबले.

"वाचा ना."

"पुढच्या पानानंतर एक एप्रिल आहे, मिस्त्री."

ते रस्त्यापलीकडे पाहत राहिले. विटांची घडी तिथे होती, पंखांवर ऊन होते, पण ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"मंग राहू द्या," ते म्हणाले. "दसऱ्यापासून घ्या पुन्हा."

मी पाने मागे उलटली.